मुसळ उचलण्याआधी

आमच्या राळेगाव तालुक्यात जमीन ठोकून तिच्या पोटातलं सांगणारी एकच बाई आहे, आणि ती माझ्या धाकट्या जावेची नात आहे. लोक मडकं घेताना टिचकी मारून पाहतात. ही पोरगी उभं वावर तसं पाहते. तिच्या लग्नासाठी दारव्ह्याला मुलाचं घर पाहायला गेलो, तर चहा सोडून अंगणभर टाचा आपटत फिरली. मुलाची आई म्हणाली, "पोरीच्या पायाले मुंग्या आल्या का?" मी म्हटलं, "नाई, तुमचा पाया पाहून राह्यली." पाया पक्का निघाला, मुलगा कच्चा. सोयरीक राहूनच गेली.

गावात शाळेची नवी इमारत बांधायची होती. सरपंचांनी पसंत केलेल्या सपाट जागेवर हिने खुंट्यांसारखी यंत्रं रांगेत रोवली आणि जाड लोखंडी थाळीवर घण मारू लागली. प्रत्येक घणाआधी सगळं गाव थांबायचं. चक्की बंद, बैल खुंट्याला. मी घरात मिरच्या कुटत होते, तर तिथून ओरडली, "मोठे आजी, मुसळ थांबव नं! मले यंत्रात तुह्यीच धडधड दिसून राह्यली!" थांबले. मग तिने समजावलं: घणाची लाट जमिनीच्या अंगावरून सरकते. मुरमात पळते, ओल्या काळ्या मातीत रेंगाळते. भुईकंप आला तर मऊ जमीनच जास्त हलते. मी चौथी शिकलेली, मला कळलं. सरपंचांना कळलं नाही.

ती म्हणाली, एका कोपऱ्यात लाट फार हळू चालते, तिथे वर्ग बांधू नका. सरपंच हसले. "बाई, तुह्यी नात जमिनीतलं भूत काढते का?"

मी म्हटलं, "तुमची अक्कल किती खोल गेली ते मोजते. खोदा. काही नाई निघालं तर पोरगी घण ठेवून देईन."

पोरीचा चेहरा उतरला. घण ठेवायची गोष्ट मी तिला न विचारता बोलून बसले होते. पण पुरुषभर खोदल्यावर राख लागली, फुटक्या विटा लागल्या, आणि मग विहिरीची दगडी कड. कोणाच्या आज्याने बुजवली, कोणालाच ठाऊक नव्हतं. शाळा मुरमाच्या बाजूला सरकली. सरपंचांनी तिला मानाचा नारळ दिला, मी तो त्यांच्यासमोरच फोडला.

आता ती कुठल्याशा डोंगरात घण मारत फिरते. फोन लागत नाही. मी मिरच्या कुटायला बसते, मुसळ उचलते आणि सवयीने विचारते, "मारू का वं?" कोणी थांबव म्हणत नाही. मग मारते.