कमरेला आलेला प्लगपॉइंट

सकाळी फिरून आलो, तर हॉलमधला प्लगपॉइंट जमिनीजवळून उठून माझ्या कमरेशी आला होता. भोवतीचं प्लास्टर अजून ओलं होतं.

"हे कुणासाठी?" मी मुलाला विचारलं.

"आईसाठी, बाबा. तिला वाकवत नाही."

मी खूश झालो. बायकोला म्हणालो, "म्हातारी झालीस हो!" ती नुसती हसली. एवढं सोशिक हसणं तिच्या स्वभावात नाही. तिथेच ओळखायला हवं होतं.

मग ती शिलाई मशीनपाशी गेली. तिथला पॉइंट होता तसाच, खाली. ती सहज वाकली, पिन लावली आणि उभी राहिली. वर आले होते ते फक्त माझ्या खुर्चीजवळचे आणि माझ्या उशाचे पॉइंट.

मागच्या आठवड्यात चार्जर लावायला वाकलो असताना अंधारी येऊन मी पडद्यासकट खाली बसलो होतो. हे तिला एकटीला माहीत होतं. मुलाला सांगणार नाही, अशी देवासमोर शपथ घ्यायला लावली होती तिला.

"फितूर झालीस!"

"झाले," ती सुईत दोरा ओवत म्हणाली. "शपथ तुम्ही घातलीत, पण पडल्यावर उचलायचं मला होतं."

गुडघे फितूर होणार, हे माणूस धरूनच चालतो. पण माणसाचं वय निदान घरातून तरी फुटू नये. भिंतीला कान असतात म्हणे. आमच्या भिंतीला आता तोंडही आलं. येणारा प्रत्येक पाहुणा तिथे बघणार आणि मग माझ्याकडे.

मी रागारागाने चार्जर खुपसला. तो इतका सहज बसला की मला आणखीच राग आला.