उंदीर शिरणार नाही असा कॉम्प्युटर

अन्याय झाला तो सुमनताईंवर. साल १९९३, अक्षय्य तृतीयेचा दुसरा दिवस, सकाळचे अकरा. सोनपेठच्या एका सहकारी सोसायटीने आपल्या ऑपरेटरच्या, म्हणजे त्यांच्याच, हातात मेमो दिला : ‘अयोग्य हाताळणीमुळे कॉम्प्युटर वारंवार बंद पडतो. आठ दिवसांत सुधारणा न झाल्यास सेवा समाप्त.’ बाई विद्यापीठ नामांतराच्या मोर्चात दिसते, हा राग आधीपासून होताच. ते मी लपवून लिहिणार नाही.

कॉम्प्युटर मीच जोडला होता. परभणीत सुटे पार्ट आणून असेंबल करायचो. बजेट तुटपुंजं. बाकी पार्ट मुकाट मंजूर झाले, अडलं ते कॅबिनेटवर. कॅबिनेट म्हणजे पार्ट बसवायची पत्र्याची पेटी. तिला मागे जाळी असते. पंखा आतली गरम हवा तिथून बाहेर फेकतो.

चेअरमननी नमुन्यावर टिचकी मारली. “लय पातळ हाय. आन् ही भोकं? उंदीर शिरंल की!”

“काका, हवेसाठी आहेत ती.”

“हवा कशाला? त्यो काय झोपायलाय का आत?”

संचालक खो खो हसले आणि ठराव झाला : ज्वारीच्या कोठ्या करणाऱ्या कारागिराकडून पेटी घ्यावी. स्वस्तही पडत होती. ऑर्डर जाईल म्हणून मी गप्प बसलो. तिथे मी चुकलो.

कारागिराकडे जाळीचं चित्र काढून दिलं, त्याच्या हाताखालच्या पोराने ती तशी ठेवलीही. पार्ट बसवून मी परभणीची एसटी धरली. माझ्यामागे कारागीर येऊन जाळीवर पत्रा डाग देऊन बसवून गेला. “काम अर्धंच सोडून गेलतं माझं पोरगं,” म्हणाला. वरून पेटीवर दोन मोर रंगवले.

त्यानंतर मशीन रोज तासाभरात बंद. म्हणून तो मेमो.

निरोप मिळताच मी पोचलो. बघतो तर जाळी बंद, गरम हवा आतच कोंडलेली. सेक्रेटरी म्हणाले, “आत पंखा आहे ना?”

“साहेब, दारं-खिडक्या लावून भट्टीजवळ पंखा लावून बसाल का?”

“बाईंना मशीनच समजत नाही.”

“हात लावून बघा,” सुमनताई म्हणाल्या. “मग मेमो कुणाला द्यायचा ते ठरवा.”

चेअरमननी मोरावर तळवा टेकवला. “आयायाय!” हात झटकत म्हणाले, “भोकं पाडा. पर ठराव लागंल.”

“मीटिंग कधी?”

“पंधरवड्यानं.”

मेमोची मुदत उरली होती तीन दिवस. मी पार्ट बाहेर काढले. सुमनताईंनी खिळा आणि हातोडी घेतली, पदर खोचून खुर्चीवर बसल्या आणि मोरांच्या एकेका पिसात भोक पाडलं. पार्ट परत बसवले. मशीन संध्याकाळपर्यंत चाललं. सभासदांची अख्खी यादी छापून निघाली.

नोकरी वाचली. पंधरवड्याने ठराव झाला : ‘मेमोमुळे ऑपरेटरच्या हाताळणीत समाधानकारक सुधारणा.’ म्हणजे दोष बाईचाच, आणि तो मेमो तिच्या फाईलला कायमचा लागला.

पेटी घेताना आधी हवा कुठून जाते ते बघा, पत्र्याची जाडी नंतर. हे झालं कॉम्प्युटरचं. तुम्ही त्या यादीतले सभासद असाल, तर येत्या सर्वसाधारण सभेत उभे राहा. तो मेमो फाईलमधून काढा म्हणा, आणि काढेपर्यंत खाली बसू नका.