उलट्या पावलांची शाळा

आमच्या ग्वाल्हेरात किस्से म्हणजे रजईतला कापूस. दर थंडीत बाहेर काढायचा, पिंजायचा, की दुप्पट फुगतो! परवा फूलबागेत उन्हात आम्ही तिसरीतली जुनी मंडळी तिळगुळाची गजक चघळत बसलो होतो. दिगू म्हणाला, "सुमे, तू पिंजतेस फार!"

पिंजते बाबा. पण कापूस माझ्या घरचा नाही, आपल्या शाळेतलाच आहे ना!

शाळा शहराच्या लष्कर नावाच्या भागात, बाड्याच्या चौकामागच्या गल्लीत. आमचे आबा गुरुजी पूर्वी सरदारांच्या मुलांना दरबारी रीतभात शिकवायचे. मग संस्थान विलीन झालं, मध्यभारत नावाचं नवं राज्य झालं, सरदारांची मुलं क्रिकेट खेळायला लागली, आणि गुरुजी आमच्या वाट्याला आले. पगडीसकट!

*

शाळेत रोज सकाळी महाराजांच्या नावाची प्रार्थना व्हायची. नवं राज्य आलं तशी ती बंद करायचा हुकूम आला. तिच्या जागी काय म्हणायचं, तो हुकूम मात्र वाटेत कुठेतरी अडकला.

गुरुजींनी तोड काढली. "हात जोडा, आणि मनातल्या मनात म्हणा."

काय म्हणायचं ते नाही सांगितलं! सगळी शाळा डोळे मिटून गप्प उभी. एकदम कौलं हादरतील अशी आरोळी आली, "महाराजांचा विजय असो!"

आरोळी अर्थात दिगूची. गुरुजी शांतपणे म्हणाले, "दिगंबर, तुझं मन जरा हळू आवाजात बोलेल का?"

*

नव्या राज्याची राजधानी थंडीत ग्वाल्हेरला असायची आणि उन्हाळ्यात इंदूरला. पिंजलेलं नाही हो, अगदी खरं! माझे वडील सचिवालयात कारकून. मार्च उलटला की फायलींबरोबर तेही निघायचे, आणि आई डब्यात दशम्या बांधून द्यायची.

गुरुजींनी विचारलं, "निर्मला, आपली राजधानी कोणती?"

निर्मला वर्गातली हुशार मुलगी. उभी राहिली, खिडकीबाहेरचं ऊन बघितलं आणि म्हणाली, "गुरुजी, राजधानी सध्या गावाला गेली आहे!"

*

गुरुजींचा मुख्य विषय भूगोल नव्हे, मुजरा. वर्गात भिंतीवर कैलासवासी थोरल्या महाराजांची दरबारी पोशाखातली मोठी तसबीर होती. शाळा सुटली की आम्ही तिला तीन मुजरे करायचो आणि उलट्या पावली वर्गाबाहेर पडायचो. महाराजांना पाठ दाखवायची नाही! उंबरठा डोळ्यांनी नाही, टाचेनं ओळखायचा.

पहिल्या दिवशी आमचा शिपाई रामसेवक पाण्याची घागर घेऊन व्हरांड्यातून येत होता. आमच्या चाळीस पाठी त्याच्या अंगावर चालून गेल्या. भिजलेला रामसेवक ओरडला, "अरे रोको! पूरी क्लास रिवर्स में आ रई है!"

सवय इतकी मुरली की मी घरीसुद्धा स्वयंपाकघरातून तशीच निघायला लागले. एकदा टाच थेट दह्याच्या भांड्यात. आई कडाडली, "कार्टे, काय करून राहिलीस!"

"आई, तुला पाठ दाखवत नाहीये."

"दाखव! दाखव एकदा पाठ, म्हणजे मला धपाटा घालता येईल!"

*

हे सगळं नव्या सरकारच्या कानावर गेलं. दरबारी रिवाज बंद, आणि तपासायला इन्स्पेक्टर साहेब येणार. रिवाज चालू दिसले, तर गुरुजींची बदली चंबळच्या खोऱ्यात!

"तिकडे मुलं दप्तरात काडतुसं आणतात," ही दिगूची माहिती. आणि गुरुजी गेले की वर्ग पटवर्धन मास्तरांकडे जाणार. पटवर्धन मास्तर आपल्या छडीला रोज तेल लावायचे, स्वतःच्या डोक्याला फक्त दिवाळीत. वर्गात रडारड सुरू झाली.

आधी तसबीर काढायला हवी. पण रामसेवक स्टुलावर चढेना. "हमारे पाँव महाराज के मुँह के सामने आएँगे? नौकरी जाए तो जाए!" गुरुजीही चढेनात. शेवटी उंच दिगूनं जमिनीवरूनच काठीच्या टोकानं जगाचा नकाशा तसबिरीच्या खिळ्यावर अडकवला. महाराज सात समुद्रांखाली गेले.

मग सरळ चालायचा सराव. तो अवघड! तोंड दाराकडे केलं की आम्हाला दारच सापडेना. दोघं चौकटीत अडकले, निर्मला फळ्यावर आपटली. गुरुजी म्हणाले, "पाठ फिरवा! बेधडक फिरवा!" आणि आम्ही ती फिरवताना त्यांनी स्वतः डोळे मिटून घेतले.

*

इन्स्पेक्टर साहेब आले. खादीचा कोट, डोक्यावर टोपी, कपाळावर आठ्या. जीपमधून उतरले ते हिंदीतच. "गुरुजी, ये पाठशाला है, दरबार नहीं! यहाँ कोई किसी के आगे नहीं झुकेगा. समझे?"

"जी," गुरुजी म्हणाले आणि सवयीनं झुकायला लागले. निम्म्यात आठवण झाली, तेव्हा खडू उचलल्यासारखं केलं.

सगळं सुरळीत चाललं होतं. निर्मलानं पाढे म्हटले. मुलांना दोनदा बाहेर पाठवून आत बोलावलं. एकही चौकटीत अडकला नाही. साहेबांच्या आठ्या जरा सैलावल्या. जाता जाता त्यांनी दिगूला उठवलं, "नक़्शे में हिंदुस्तान दिखाओ."

दिगूला काठी मिळाली. देशप्रेम उफाळून आलं. त्यानं हिंदुस्थानाच्या बरोबर पोटात काठीचं टोक असं काही खुपसलं की अख्खं जग धाडकन खाली आलं!

समोर थोरले महाराज. मोत्यांचे हार, कमरेला तलवार, नजर थेट साहेबांवर.

गुरुजींचा चेहरा हातातल्या खडूसारखा पांढरा. आम्ही शिकवल्याप्रमाणे माना ताठ ठेवून उभे. मला तर पटवर्धन मास्तरांच्या तेलाचा वास यायला लागला.

पण एक माणूस झुकला.

साहेब! कमरेत वाकले, उजवा हात जमिनीपर्यंत नेला, कपाळाला लावला. एकदा. दोनदा. तीनदा. टोपी जरासुद्धा हलली नाही. मग नजर खाली ठेवून उलट्या पावली निघाले. बाकांच्या मधून, एकाही बाकाला न लागता, मागे, मागे. टाचेनं उंबरठा ओळखला आणि पार केला.

दाराबाहेर उभं राहून त्यांनी घसा खाकरला, आणि त्या दिवसातलं पहिलं मराठी वाक्य बोलले.

"गुरुजी, नकाशा जरा पक्क्या खिळ्यावर लावत चला."

गेले. गुरुजी दाराकडे बघतच राहिले. मग पुटपुटले, "तिसऱ्या मुजऱ्याला कोपर किंचित बाहेर गेलं. लहानपणीही जायचं!"

इतक्यात बाहेरून रामसेवक धापा टाकत आत आला. डोळे हे एवढे!

"गुरुजी! साब चले गए. पर पूरी गली... जीप भी रिवर्स में ले गए!"