प्रसादासाठी पुढे केलेला हात

तीस वर्षं मी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर काढली. उसाच्या गाड्या तोलता तोलता माणसं तोलायची खोड कधी लागली ते कळलंच नाही. हा एकादशी मोडतो, त्याच्या घरात अंडी शिजतात, तमक्याचं नुसतंच तोंडाने हरी हरी. दिवसभर मनातला काटा हलत असायचा. गळ्यात तुळशीची माळ असल्यामुळे आपलं स्वतःचं वजन मात्र बिनचूक आहे, याबद्दल मला कधी शंका आली नाही. आज हे हसत लिहितोय, पण त्या काट्यापायी म्हातारपणी मुलाचं घर माझ्या हातून सुटायची वेळ आली होती.

बायको गेल्यावर मुलगा विनायक मला कोल्हापूरकडच्या आमच्या गावातून डिचोलीला घेऊन आला. तो इथे एका कारखान्यात नोकरीला आहे. सून उज्वला पेडण्याकडच्या एका खेड्यातली. पोर गुणाची, पण घरात मासे! इकडची माणसं सोमवारी, गुरुवारी मासे खात नाहीत, त्याला ती 'शिवराक' म्हणतात. बाकीच्या दिवशी मात्र ताटात मासा नसेल तर जेवण झालं असं त्यांना वाटतच नाही. सकाळी मनोभावे देवपूजा आणि दुपारी तितक्याच मनोभावे बांगडा, हे गणित मला काही सुटेना. मी गावाहून येताना माझा स्टोव्ह, तवा आणि दोन पातेली घेऊनच आलो होतो. गॅलरीत माझा वेगळा संसार मांडला आणि सुनेच्या हातचं पाणीसुद्धा घेणार नाही असं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं.

उज्वला भांडली नाही. महिन्याभराने तिने घरात मासे आणणंच बंद केलं. "आबा, आतां सगळें शिवराक आसा, तुमी आमच्यावांगडा जेवात," असं म्हणाली. मी काय केलं? उठून तिच्या कढईचा वास घेतला आणि विचारलं, "कढई जुनीच आहे ना?" हे लिहिताना आजही लाज वाटते. पुढे तिला दिवस गेले. डोहाळे लागले तेही माशांच्या हुमणाचे, म्हणजे नारळाच्या आमटीचे. दुसरं काही पोटात ठरेना, वजन वाढेना, डॉक्टरीणबाई रागावल्या. तरी ही खाईना. सासरा आपल्या हातचं जेवेपर्यंत माशाला शिवणार नाही, असा तिचा हट्ट. मी मनात म्हणायचो, बघू किती दिवस टिकतं ते! शेवटी पाचव्या महिन्यात तिची आई तिला माहेरी घेऊन गेली. त्यानंतर विनायक मला शांतपणे म्हणाला, "आबा, तुमच्या देवधर्माला मी नाव ठेवत न्हाई. पर ती परत आल्यावरबी ह्ये असंच चालणार असंल, तर तुमच्यासाठी खालच्या गल्लीत एक खोली बघतो." तो ओरडला असता तर बरं झालं असतं.

आमच्या चाळीत आमच्याच भागातले एक बुवा राहतात. दर गुरुवारी भजन लावतात, माझ्याहून कडक माळकरी. माझी बाजू घेणारा एवढा एकच माणूस उरलाय असं समजून मी त्यांना घरी बोलावलं, सगळी कथा सांगितली आणि चहा टाकायला उठलो. बुवा खुर्चीत मागे सरकले. "चहा नको. ह्या घरात मासं शिजल्यात."

"अहो, स्टोव्ह माझा आहे! भांडी माझी आहेत!"

"गॅलरी कुणाची?" बुवा म्हणाले. "तुमची माळ तरी आता खरी ऱ्हायली का, इचार करा."

शेराला सव्वाशेर भेटला! आधी मला संताप आला. मग गॅलरीत जाऊन एकट्यासाठी चहा उकळताना कळलं की बुवांचा काटा आणि माझा काटा एकाच कारखान्यातला आहे. उज्वलाला त्या कढईच्या वेळी काय वाटलं असेल ते मला खुर्चीतल्या त्या सरकण्याने कळलं. दोन दिवस अन्न गोड लागलं नाही. देवापुढे बसलो तर जप करता येईना. आयुष्यात पहिल्यांदा देवाला म्हणालो, मला कळत नाही बाबा, तूच काय ते सांग.

शुक्रवारी कुणाला न सांगता सुनेच्या माहेरी निघालो. म्हापशाला बाजाराचा दिवस, पेडण्याच्या गाडीत मुंगी शिरायला जागा नव्हती. उपाशीपोटी निघालो होतो, उभ्या उभ्या डोळ्यांपुढे अंधारी आली. तेवढ्यात कुणीतरी माझा दंड धरला. बघतो तर मासे विकणारी बाई, पायाशी तिची पाटी.

"हांगा बसात, बाबा. पाटी सकयल दवरतां. वास येतलो, पूण तुमी पडचे नात."

तिने पाटी बाकाखाली सरकवली, स्वतः उठून मला जागा दिली, पिशवीतलं केळं सोलून हातात ठेवलं. केळं सालीत असतं, असा कायदा काढून मी ते खाल्लं. खोड इतक्या लवकर थोडीच जाते! कुठे जायचंय ते तिने विचारलं. मी उज्वलाच्या वडिलांचं नाव सांगितलं, तर ती नेमकी त्याच गावची निघाली. "घरांत कोण मेळचें ना तुमकां. आज तीं देवीच्या देवळांत आसतलीं. चलात, हांवय थंयच वतां."

देवळापाशी तिने पाटी पिंपळाखाली ठेवली, विहिरीवर हातपाय धुतले आणि सरळ आत गेली. कुणी नाक मुरडतंय का म्हणून मी आजूबाजूला बघत होतो. कुणी मुरडलं नाही. पुजाऱ्यांनी तर तिला, मुलीचा ताप उतरला का, असं विचारलं. मग ते माझ्याकडे वळले. "तुमकां प्रसाद घेवपाचो आसा?"

प्रसादाला नाही कोण म्हणेल? मी डाव्या हातावर उजवा हात ठेवून तळवा पुढे केला. "द्या, पण थोडाच द्या. साखर आहे मला."

सगळं देऊळ खो खो हसलं. "बाबा," ती बाई पदर तोंडाला लावून म्हणाली, "तो खावपाचो न्हय, देवीक विचारपाचो!" आमच्याकडे ज्याला कौल म्हणतात त्याला इथे प्रसाद म्हणतात, हे मला कुठे ठाऊक? मूर्तीला ओल्या पाकळ्या चिकटवायच्या आणि प्रश्न विचारायचा. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. त्या हसण्यात खांबामागून एक हसणं ओळखीचं आलं. उज्वला आईबरोबर उभी होती. सात-आठ महिने एका घरात राहूनही तिला असं मोकळं हसताना मी ऐकलं नव्हतं.

पुजारी म्हणाले, "आयल्यात तर विचारात. कितें विचारपाचें आसा?"

माझा हात अजून तसाच पुढे होता. काही ठरवून आलो नव्हतो. तोंडातून निघून गेलं, "सुनेच्या हातचं जेवू का?"

पुजाऱ्यांनी पाकळ्या लावल्या आणि हात जोडून गाऱ्हाणं घातलं, "माउली, घाटावयलें हें तुजें लेकरूं आज तुज्या पांयांकडे आयलां. सुनेच्या हातचें जेवचें काय ना, हो ताका दुबाव आसा. जेवचें जाल्यार उजवी दी, नाका जाल्यार डावी दी." दुबाव म्हणजे संशय. नेमका शब्द होता. तेवढ्यात उजवी पाकळी सुटली आणि खाली आली. ओली पाकळी सुकली की गळणारच, असं माझ्यातला काटेवाला पुटपुटला. पण पुजारी माझ्याकडे बघत म्हणाले, "तुमची सून गेल्या सोमारा आयिल्ली. मासे सोडल्यार आबा जेवतले काय, म्हूण विचारलें. पाकळी उजवी ना, डावी ना. वाट पळोवन ती घरा गेली." देवीने सुनेला उत्तर दिलं नव्हतं, कारण उत्तर मी द्यायचं होतं. मला तरी तसं वाटलं, आणि मी तिथेच रडलो.

त्यांच्या घरी गेलो तेव्हा चुलीवर हुमण होतं, आणि शिवराक माणसांसाठी उज्वलाने केलेलं भाज्यांचं खतखतें. मी म्हणालो, "पोरी, आधी तू हुमण-भात खा. मग मी जेवतो." ती माझ्याकडे बघत राहिली आणि मग जेवली. भरपूर जेवली. तिच्या आईने डोळे पुसत तिला दुसऱ्यांदा वाढलं.

माळ आजही गळ्यात आहे, मासा मी आजही खात नाही. पण दर शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात त्याच बाईकडून सुनेसाठी आणि चार दात आलेल्या नातीसाठी मासे मीच आणतो. बुवा जिन्यात भिंतीला चिकटून मला वाट देतात. मी त्यांना नमस्कार करतो, कारण त्यांनी चहा नाकारला नसता तर मी त्या गाडीत बसलोच नसतो. ज्याने त्याने आपापलं पाळावं, दुसऱ्याचं वजन करायचं काम आपल्याकडे दिलेलं नाही, एवढं मला उशिरा कळलं. कळवणाऱ्या त्या माउलीचे उपकार कसे फेडू?

त्या दुपारी उज्वला खतखत्याचं पातेलं घेऊन माझ्यापुढे आली आणि भीत भीत म्हणाली, "आबा, वाडूं?" ताट समोर होतं, तरी मी डाव्या हातावर उजवा हात ठेवला आणि तळवा पुढे केला. या वेळी कुणी हसलं नाही.