हौसरावांनी ओळखलेली चार मेंढरं

तोंड बघून मेंढरू कुणाचं ते सांगणारा माणूस म्हणून इनामगावच्या हौसरावांचं नाव घोड नदीच्या काठी चालायचं. त्या नावापायी एक माणूस आत गेला.

अठ्ठ्याण्णव साली हौसरावांची चार मेंढरं चोरीला गेली. पोलिसांनी मांडवगण फराटा गावच्या भिमाच्या कळपातली चार उचलून ठाण्यापुढं बांधली. नुकतीच कातरलेली, अंगावर खूण नाही. भोवती बाजारची गर्दी.

"तुमी अंधारात ओळखता म्हणं, आबा," जमादार म्हणाला.

हौसरावांनी रोजची हाक घातली. आपल्या मेंढक्याच्या हाकेला मेंढरू मान वर करतंच. या चारांतल्या एकानंही केली नाही. गर्दीला त्यातलं काही कळलं नाही, हौसरावांना कळलं. तरी चारचौघांत नाव जाईल म्हणून ते बोलले, "माझीच हायेत."

पुढं कोर्टात शपथेवर तेच. भिमाला दीड वर्ष, मेंढरं हौसरावांना.

रोज सकाळी हाक घातली की कळप वळायचा, ती चार खुशाल चरत राहायची. महिनाभर बघून बायको पुतळाबाई म्हणाली, "भयरी हायेत का वं ही? का पावणी हायेत?"

त्याच दिवशी हौसरावांनी चारही मेंढरं हाकत मांडवगण गाठलं. भिमाच्या बायकोनं, साखरबाईनं, दारातून "या गं" म्हटलं, तशी ती पळतच गेली.

"मेंढरं माघारी आणलीत, मामा," साखरबाई म्हणाली. "माणूस कवा आणताय?"

तिथून, आपण खोटं बोललो, भिमाला सोडवा म्हणत हौसरावांची वणवण सुरू झाली. जमादारानं चहा पाजला, म्हणाला, केस संपली. सरपंच बापूसाहेब म्हणाले, "जाऊ द्या की आबा. आज ना उद्या सुटंलच त्यो." हौसरावांचं टाळकंच फिरलं. तुरुंगात दिवस जायचे होते ते भिमाचे, आणि ते जाऊ द्यायला हे तयार. जो तो हौसरावांना माफ करायला बसलेला, ऐकून घ्यायला कुणी नाही.

शेवटी दौंडच्या एका वकिलानं अपिलासाठी प्रतिज्ञापत्र करून दिलं. त्यात लिहिलं होतं, नजरचुकीनं ओळख पटली.

"हे खोडा," हौसराव म्हणाले. "चुकलो न्हाई. ठावं आसून खोटं बोललो."

"आबा, असं लिहिलं तर खोट्या साक्षीपायी तुम्हीच आत जाल."

"मग कुणी जायाचं? त्यानंच?"

वकिलानं पुटपुटत कागद पुन्हा टाइप करून घेतला. हौसरावांनी अंगठा उठवला. कागद वरच्या कोर्टात गेला आणि तारखा पडत राहिल्या. एकदा सरकारी वकील नाही, एकदा साहेब रजेवर, एकदा फायलीतून कागदच गहाळ. पहिली सुनावणी व्हायच्या आत भिमा पुरी सजा भोगून घरी आला.

हौसराव त्याच्या दारात गेले. भिमा बाजेवर बसला होता. उठला नाही.

"भिमा, मी लिवून दिलंय समदं. खोटं बोललो म्हणून."

"तुमाला सजा झाली?"

"न्हाई अजून."

"मग हितं काय काम हाय तुमचं?"

हौसराव उभेच राहिले. पाणी विचारायला कुणी बाहेर आलं नाही.

दुसऱ्या दिवशी ते पहिल्या एसटीनं शिरूरच्या कोर्टात गेले. माझ्यावर खटला भरा म्हणून अर्ज दिला. कारकुनानं तो वाचला, शेजारच्याला दाखवला, दोघं हसले.

"आसा फॉर्म नसतो, आबा."

हौसराव बाकावर बसले. फॉर्म निघेपर्यंत उठणार नाही म्हणाले.