टेलरकाकांचं जुनं पाप

आगमनकाळ लागला की टेलरकाका चर्चमध्ये पापांच्या कबुलीच्या रांगेत सगळ्यात शेवटी उभे राहत. नाताळच्या आधी मन धुऊन घ्यावं, हे खरंच. पण शेवटी उभं राहिलं की मागून कोणी घाई करत नाही, हेही तितकंच खरं. फादरांचे झगे गेली तीस वर्षं काकाच शिवत आले होते. माणूस हाताने सरळ, तोंडाने तिरका.

त्या दिवशीही ते कुरकुरणारे गुडघे टेकून फादरांसमोरच्या जाळीपाशी बसले.

"फादर, बायकोवर ओरडलो. तुमच्या गळ्यातल्या या जांभळ्या पट्ट्याला तिने तुरपाई घातली, तर म्हटलं, आंधळी झालीस का? ती एक शब्द बोलली नाही. सगळी उसवली आणि पुन्हा घातली."

फादरांनी पट्ट्याच्या कडेवरून बोट फिरवलं. टाके मुंगीच्या पावलांएवढे बारीक होते.

"काका, हे तुम्ही गेल्या नाताळला सांगितलंत, त्याच्या आधीही सांगितलंत. काकींना जाऊन चार वर्षं झाली. देवाने केव्हाच माफ केलं."

"केलं असेल. त्याचं काय जातंय?"

फादरांनी हसू दाबलं. "बरं, या वर्षातलं काहीतरी सांगा."

काकांनी एकेक महिना आठवून पाहिला. काहीच सापडेना.

"नवीन पाप करायला घरात माणूस लागतं, फादर."