वेचून काढलेल्या गोचिडी

मी मुळात भित्रा माणूस. गोचिडी, पिसवा आणि डास यांच्यातून पसरणाऱ्या तापांवर उभी हयात काम केलं, म्हणून लोकांना मी धीट वाटतो. वाटू दे. पण माझी भीती किड्यांची नाही. ती मला नोकरीच्या पहिल्याच वर्षी, निजामाच्या राज्यात, बेंबळीच्या पुढं दोन कोसांवरच्या एका लहान गावात लागली.

त्या भागात एक ताप निघाला होता. अंगावर, अगदी तळहातांवरसुद्धा, तांबडे ठिपके यायचे. हा ताप गोचिडीतून येत असावा असा आमच्या प्रयोगशाळेचा कयास होता, म्हणून जनावरांच्या अंगावरच्या गोचिडी गोळा करायला मला धाडलं. मी हुशारी केली. आधीच पाटलांना निरोप पाठवून दवंडी द्यायला लावली: परवा सरकारी डॉक्टर येऊन जनावरांच्या गोचिडी बघणार, कुणी जनावर रानात सोडू नये.

पोचलो तर गोठे लख्ख झाडलेले, बैल धुतलेले, आणि गोचीड औषधालासुद्धा नाही. मी चिडलो. ज्यांच्या घरी उतरलो होतो, त्या घरच्या वहिनींना विचारलं, "गेल्या कुठं सगळ्या?"

"वेचल्या की!" त्या हसून म्हणाल्या. "घाण दिसली तर सरकार जुर्माना लावतंय म्हनं. आमी समद्या बायका कालपासनं त्येच करतोय. बैलाच्या कानातली बी एक ठिवली न्हाय."

"वेचून काय केलंत?"

त्यांनी दोन अंगठ्यांची नखं एकमेकांवर दाबून दाखवली. नखांच्या कडेला रक्त वाळलं होतं.

चिरडलेल्या गोचिडीचं रक्त हाताच्या भेगांतून अंगात शिरलं तरी असला ताप येऊ शकतो, हे मी वाचलं होतं. आणि शेतात राबणाऱ्या बाईच्या हाताला भेगा नाहीत असं कधी असतं का? वर्षभरात चिरडल्या नसत्या तेवढ्या गोचिडी मी या बायकांना दीड दिवसात चिरडायला लावल्या होत्या. जुर्मान्याचं नावही मी काढलं नव्हतं. पण दवंडीत सरकार आलं की पाठोपाठ जुर्माना येतो, हे त्याच राज्यात वाढलेल्या मला कळायला हवं होतं.

सगळ्यांना साबणानं हात धुवायला लावले. वहिनींनी त्याच हातांनी भाकरी थापून मला वाढली. घास तोंडात फिरत राहिला. त्या क्षणी मला आधी माझ्याच जिवाची काळजी वाटली, याची आजही लाज वाटते.

ताप यायचा तर दोन आठवड्यांच्या आत येणार. कामाचं निमित्त सांगून मी मुक्काम वाढवला. रोज सकाळी दारोदार जाऊन बायकांचे तळहात बघायचो.

"सायेब, नशिबात काय लिवलंय त्ये बी सांगा की," अशी थट्टा व्हायची. मीही हसायचो, आणि तोच तळहात पुन्हा एकदा उजेडात धरून बघायचो.

नवव्या दिवशी वहिनी तापानं फणफणल्या. आणखी तीन दिवसांनी मनगटांवर ठिपके आले, मग तळहातांवर. तेव्हा या तापावर औषध नव्हतं. पाणी पाजायचं, ओल्या फडक्यानं अंग पुसायचं आणि वाट बघायची. मी ओसरीवर बसून राहायचो. नवससायासाला नाकं मुरडणारा मी, पण त्या आठवड्यात ओळखीच्या साऱ्या देवांना हात जोडून झाले. त्या जातील याची भीती होती. आणि खरं लिहायचं तर, दवंडी कुणी द्यायला लावली होती हे कुणाला आठवेल, याचीही तेवढीच होती.

शेवटी ताप उतरला. वहिनींनी ताकातल्या कण्या मागितल्या तेव्हा मी गोठ्यामागं जाऊन रडलो.

निघायच्या दिवशी त्यांचे मालक, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे, वाकून माझ्या पाया पडले. "तुमी व्हता म्हून वाचली, सायेब."

मी त्यांना खांद्याला धरून उठवलं. "खरं सांगायचं तर..." एवढं तोंडातून निघालं. सारं घर माझ्याकडं बघत होतं. वहिनी दाराला टेकून उभ्या होत्या.

"खरं सांगायचं तर," मी म्हणालो, "अजून पंधरा दिवस त्यांना शेतावर पाठवू नका."